शेजारून न दिसणारी काच

मी माझ्या आईला पाच आठवडे आंधळं करून ठेवलं होतं. रागाच्या भरात नाही, निष्काळजीपणानेही नाही. दुकानातला सगळ्यात महाग माल वापरून, श्वास रोखून, कुठेही बुडबुडा राहू न देता केलं. इतकं सफाईदार काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, आणि ते नेमकं आईवर केलं. बायको म्हणते, हे चार लोकांत सांगू नका. पण मी नाही सांगितलं तर ती सांगेल, आणि ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते.

माझं मोबाईलच्या सामानाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं, म्हणून गेली चौदा वर्षं मी बसूनच आहे आणि ते पोटावरून कळतं. मी मोबाईल विकत नाही, मोबाईलचे कपडेलत्ते विकतो. कव्हरं, काचा, चार्जर, वायरी, कानात घालायची बोंडं, गळ्यात अडकवायच्या दोऱ्या. पूर्वी दुरुस्तीही करायचो. पण मी उघडलेला फोन पुन्हा मिटला की दोन-तीन स्क्रू उरायचेच. ते मी एका डबीत टाकायचो. डबी भरली तेव्हा बायको म्हणाली की एवढ्या स्क्रूंमध्ये एक अख्खा फोन उभा राहील, तो तरी चालू करून दाखवा. तेव्हापासून दुरुस्ती बंद.

काच बसवण्यात मात्र माझा हात कुणी धरू शकत नाही. आधी ओल्या कागदाने पुसायचं, मग कोरड्या कापडाने, मग चिकटपट्टीने धुळीचा कण न् कण टिपायचा. काच वरच्या कडेला जुळवायची, अलगद सोडायची आणि मधोमध एक बोट टेकवायचं. खालचं चिकट आपोआप पसरत जातं. ते कडेला पोचेपर्यंत मी श्वास घेत नाही, कारण श्वासाने धूळ उडते असा माझा सिद्धान्त आहे. समोरचा घड्याळवाला मला योगीराज म्हणतो. तो कौतुकाने म्हणतो असं मी बरीच वर्षं समजत होतो.

दुसरी माझी कला म्हणजे सल्ला. कुणी विचारो न विचारो, मी देतो. साधं कव्हर घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी त्याने फोनच चुकीचा घेतलाय हे पटवतो, मग त्या चुकीच्या फोनला कुठलं कव्हर शोभेल ते सांगतो, आणि जाता जाता काचही गळ्यात मारतो. माझा स्वतःचा फोन कोपऱ्यातून तडकलेला आहे आणि त्याला कव्हर नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मला बायको रोज ऐकवते. मी तिला सांगतो की हलवायाला मिठाईची चव नसते.

तर बाबांचा जुना फोन बादलीत पडला, तेव्हा मला स्फुरण चढलं. बाबांचं म्हणणं एवढंच होतं की आवाज मोठा असावा, अक्षरं मोठी असावीत, बाकी होता तसाच आणलास तरी चालेल. होता तसाच! ज्यांच्या पोटी माझ्यासारखा मुलगा, त्यांनी होता तसाच फोन वापरायचा, तर मग मी चौदा वर्षं जिन्याखाली काय केलं? मी अकरा दिवस घेतले. बॅटरी किती तास टिकते, उन्हात स्क्रीन दिसतो का, पाण्यात पडला तर किती मिनिटं जगतो, सगळं वहीत आखून लिहिलं. रोज घरी येऊन तो तक्ता वाचून दाखवायचो. बाबांना कमी ऐकू येतं, ते नुसतं "आँ?" म्हणायचे. मग आई त्यांच्या कानाशी वाकून सांगायची, "अजून ठरलं नाही म्हणतोय." माझी दिवसभराची मेहनत ती अशी चार शब्दांत गुंडाळायची.

बाबांना फोन लागायचा तो मुळात ताईसाठी. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती नोकरीपायी फार लांब असते, दोन वर्षांतून एकदा येते. रोज संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल. सोफ्यावर उजवीकडे बाबा, डावीकडे आई, ही जागा ठरलेली. फोन बाबांच्या हातात, कारण बाबांच्या हातातून वस्तू काढून घेणं कुणाला जमलेलं नाही, आणि आईचे हात जरा थरथरतात म्हणून तीही धरायला मागत नाही. ताई बोलायची, आई ऐकून ते बाबांच्या कानात ओरडायची, आणि मध्ये मध्ये शेजारून स्क्रीनमध्ये डोकावून स्वतःची भर घालायची. बारीक दिसतेय, डोळ्यांखाली काळं आलंय, मागच्या खिडकीचा पडदा बदललेला दिसतो. हे चाळीस मिनिटं चालायचं. आईचा दिवस सातला सुरू व्हायचा म्हटलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढे मी फारच भोळा वाटेन. सहा महिन्यांपूर्वी आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. थेंब घालायला मी पंधरा दिवस दुपारचं दुकान बंद ठेवलं. हे मी मुकाट्याने केलं असतं तर तो मी कसला? येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. आईला तर रोजच ऐकवायचो, "आता दुसरा डोळा जरा दमाने घे. तोवर दुकानाला श्वास घेऊ दे." विनोद होता तो. हसलो मात्र मी एकटाच होतो.

बाराव्या दिवशी फोन आला. मी तो दुकानात नेऊन नटवला. चारी कोपऱ्यांना फुगवटे असलेलं कव्हर, मागे बोट अडकवायची कडी, कॅमेऱ्याच्या प्रत्येक डोळ्यावर वेगळी काच, वर गळ्यात घालायची दोरी. बाबांनी तो हातात घेऊन वजन केलं आणि विचारलं की याच्यावर बोलायचं की याने खिळे ठोकायचे. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मुलाने हौसेने आणलं म्हणून त्यांनी घातला गळ्यात.

राहिली होती मुख्य काच. बाबा मागे एकदा म्हणाले होते की बँकेच्या रांगेत शेजारचा माणूस त्यांच्या फोनमध्ये डोकावत होता. झालं. दुकानात जी सगळ्यात महाग काच होती तीच बसवायची असं मी तिथल्या तिथे ठरवलं. ही काच अशी असते की फोन ज्याच्या समोर आहे त्याला सगळं स्वच्छ दिसतं, आणि बाजूने पाहणाऱ्याला नुसता काळा स्क्रीन. ती विकायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. गिऱ्हाइकाला मी म्हणतो, साहेब, जरा माझ्या शेजारी या, आता बघा, दिसतंय काही? तो मान तिरकी करतो आणि म्हणतो, काळं दिसतंय. मग मी टाळी वाजवल्यासारखं म्हणतो, "समोरच्याला लख्ख, शेजारच्याला अंधार." हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणतो. चार वर्षं म्हणतोय. झोपेतही म्हणतो असं बायकोचं म्हणणं आहे.

ती काच मी बाबांच्या फोनवर बसवली. घड्याळवाला उठून बघायला आला आणि त्यानेही मान्य केलं की काच आहे हे कळतसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी सातला दोघं आपापल्या जागी बसले. मी खाली जमिनीवर वायरींची गुंडाळी करत होतो. ताईचा आवाज आला. आई नेहमीसारखी बाबांच्या खांद्याकडे झुकली, डोळे बारीक केले, आणि म्हणाली, "मला नाही रे दिसत काही."

मी मान वर न करता म्हटलं, "चष्मा पूस."

तिने पदराने चष्मा पुसला. पुन्हा झुकली. तेवढ्यात बाबांनी तिला काहीतरी दाखवायला फोन तिच्याकडे वळवला, तशी ती म्हणाली की आलं, आता दिसलं. मी म्हटलं, बघ, चष्माच होता. बाबांनी फोन पुन्हा आपल्याकडे घेतला आणि आई एकदम गप्प झाली. तो गप्पपणा मी ऐकला नाही. माझ्या वायरींचा गुंता झाला होता.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी सातला आईला स्वयंपाकघरात काम निघालं. चौथ्या दिवशीही निघालं. मग रोजच निघायला लागलं. इकडे ताई बोलतेय, बाबा "आँ? आँ?" करतायत, ताई घसा फोडतेय, आणि आई आत नळ सोडून भांडी घासतेय, तीही घासलेलीच. आठवड्याभरात चाळीस मिनिटांचा कॉल सहा मिनिटांवर आला. जेवलीस का, जेवले, बरी आहेस ना, बरी आहे, ठेवतो.

मग ताईचा मला दुकानात फोन आला. म्हणाली की आई तिच्याशी बोलत नाही, बाजूला बसली तरी भलतीकडेच बघते, चेहरा उतरलेला असतो. आणि मग तिने लहानपणापासून विचारत आलेला प्रश्न विचारला, "तू काय केलंस?" मला अस्सा राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी तिला सांगितलं की मी या घरासाठी काय काय केलंय ते तुला लांब बसून कळायचं नाही. त्या वेळी माझ्यासमोर एक गिऱ्हाईक उभं होतं आणि मी एका हाताने त्याला शेजारी बोलावून अंधार दाखवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर माझ्या दोन्ही काखांत कळसे होते.

रोग मी माझ्यापरीने ओळखला होता. आईला वाईट वाटलंय. बाबांना एवढा फोन, एवढा थाट, आणि तिला काहीच नाही. साधी गोष्ट. आणि माझ्याकडे साध्या गोष्टीवर उपाय एकच असतो, तो म्हणजे सामान. मी आधी एक छोटा स्पीकर नेला, म्हणजे आवाज तरी घरभर जाईल. आईने तो बाबांच्या कानाशी ठेवला आणि आत गेली. मग फोन उभा करायचा स्टँड नेला. बाबांनी तो स्टँड स्वतःच्या समोर ओढून घेतला. मग मोबाईलपुढे ठेवायचं भलं मोठं भिंग नेलं, ज्यात छोटा स्क्रीन टीव्हीएवढा दिसतो. आईला हाताला धरून तिच्या जागी बसवलं. ती क्षणभर त्या भिंगाकडे बघत राहिली. तिला काय दिसलं असेल? आधी तळहाताएवढा काळोख होता, मी तो टीव्हीएवढा करून दिला. ती म्हणाली की छान आहे, आणि उठली.

शेवटी मी म्हटलं, आई, तुला वेगळा फोनच घेतो, तक्ता तयारच आहे. तर म्हणाली, "नको रे. मला आता काय करायचंय बघून?"

मला तो टोमणा वाटला. मी दोन दिवस तिच्याशी फुगून बसलो. वय वर्षं शेहेचाळीस, बरं का.

बायको बिचारी बघत होती, आणि सांगतही होती. एकदा म्हणाली की आई डोळे मिटून मीठ काढतात. मी म्हटलं, तीस वर्षं त्याच डब्यातून काढतेय, तिला डोळे कशाला लागतात, तुला येतं का तसं? एकदा म्हणाली की सकाळी पलंगावरून उठल्या की काहीतरी मोजत चालतात, सात, आठ, नऊ. मी म्हटलं, डॉक्टरने चालायला सांगितलंय, चालतेय, मोजतेय, चांगलं आहे की. आणि त्याच आठवड्यात माझे रबर कमी व्हायला लागले. वायरींच्या गुंडाळ्यांना लावायला मी रबरांची पिशवी घरी ठेवतो. त्यातले बरेच गायब. मी घर डोक्यावर घेतलं. माझ्या धंद्याच्या वस्तूंना हात कोण लावतं म्हणून सगळ्यांसमोर चौकशी बसवली. आई म्हणाली, "मी घेतले थोडे. डब्यांना लावले." मी म्हटलं, डब्यांना झाकणं आहेत ना, रबर कशाला? तिने उरलेल्या रबरांची पिशवी माझ्यासमोर सरकवली. उगाच एवढं तोंड टाकलं असं तेव्हासुद्धा मला वाटलं होतं, पण मी ते गिळून टाकलं.

पाचव्या आठवड्यातली सुट्टीची संध्याकाळ. सात वाजले, ताईचा कॉल आला. आई आत. बाबांचं "आँ?" सुरू झालं आणि ताईच्या आवाजाला रडवेली धार आली. ती म्हणत होती, "आईला बोलवा, मला तिला बघायचंय." बाबांना तेही ऐकू येईना. मला राहवेना. मी चरफडत उठलो, म्हटलं आज मीच होतो बाबांचे कान, आणि जाऊन आईच्या जागेवर बसलो. त्या सोफ्यावर त्या जागी मी यापूर्वी कधी बसलोच नव्हतो. बाबांच्या खांद्याकडे झुकलो आणि स्क्रीनमध्ये बघितलं.

काळं. कुळकुळीत काळं. आतून ताईचा आवाज येतोय आणि ताई नाही.

आता शहाण्या माणसाने इथे कपाळाला हात मारला असता. मला मात्र आनंद झाला. खोटं का बोलू, छाती भरून आली. इतकी वर्षं मी ही काच गिऱ्हाइकांना बाजूला उभं करून दाखवत होतो, स्वतः बाजूला बसून कधी पाहिलं नव्हतं. मी बाबांच्या कानात ओरडलो, "बाबा, काय माल आहे! इथून ताई दिसतच नाही. शेजारी बसलेल्याला काही म्हणजे काही दिसत नाही."

आतला नळ बंद झाला.

आई दारात आली. हात ओले, पदराला न पुसता तशीच उभी. "काय म्हणालास?"

चला, घरात कुणीतरी माझ्या कामात रस घेतला, असं मला वाटलं. मी अगदी दुकानातल्या आवाजात सांगितलं की अगं ही काचच अशी असते, समोरच्याला लख्ख, शेजारच्याला अंधार.

"तुलाही नाही दिसत तिथून?"

"कुणालाच नाही दिसणार. म्हणून तर..."

म्हणून तर काय, ते माझ्या तोंडातच राहिलं. मी बसलो होतो ती जागा कुणाची, हे मला तेव्हा कळलं.

आईने मला हाताने उठ म्हटलं. मी उठलो. ती बसली. बाबांच्या खांद्याकडे झुकून पाहिलं. मग उठून, बाबांच्या अगदी समोर वाकून, तोंड फोनसमोर आणून पाहिलं. पुन्हा जागेवर जाऊन पाहिलं. असं तीनदा केलं. गिऱ्हाइकं करतात तसंच, फक्त ती हसतात. ताई तिकडून विचारत होती की काय चाललंय, मला कुणी सांगेल का, आणि बाबा म्हणत होते, "आँ?"

तेव्हा आई त्यांच्या कानाशी वाकली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा वाकली. आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, मी आंधळी होत नाहीये. याने काहीतरी चिकटवलं होतं."

आणि मग रडायला लागली. बाबांनी आयुष्यात प्रथम फोन स्वतःहून दुसऱ्याच्या हातात दिला. दिला तो माझ्या, कारण त्यांना दोन्ही हात आईसाठी हवे होते.

मग एकेक बाहेर आलं. तिच्या उशीखालून मोतीबिंदूच्या वेळचा डॉक्टरांचा कागद निघाला. त्यावर छापलं होतं की डोळ्यांसमोर काळा पडदा आल्यास ताबडतोब यावे. त्या ओळीखाली तिने पेन्सिलने रेघ मारली होती. तिच्या आईचे डोळे गेले ते असेच, कधी दिसायचं, कधी जायचं, मग एकदा गेले ते गेलेच. बाबांनी फोन तिच्याकडे वळवला की ताई दिसायची, परत नेला की पडदा पडायचा. घरातलं दुसरं सगळं दिसतंय आणि ताईच दिसत नाही, याचा अर्थ तिने असा लावला की पडदा आता कडेने सुरू झाला आहे, हळूहळू सगळीकडे येईल. आणि तो यायच्या आत तिने तयारी सुरू केली होती. पलंगापासून मोरी नऊ पावलं, मोरीपासून ओटा चौदा. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेला दोन, म्हणजे हाताला कळावं. कुणावर भार नको म्हणून ती डोळे मिटून स्वतःचंच घर पाठ करत होती, आणि मी माझे रबर मोजत होतो.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" विचारताना आवाज चढलाच माझा. अपराध्याचा चढतो तसा.

ती म्हणाली, "तूच म्हणाला होतास ना, दुकानाला श्वास घेऊ दे."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिने ते खरंच मनावर घेतलं होतं आणि पाळलं होतं.

ती काच मी तिथेच काढली. एरवी मी काच काढतो तीही रुबाबात, कोपऱ्यात पातळ पत्ती घालून, श्वास रोखून. त्या दिवशी श्वास रोखायला तो ताळ्यावर कुठे होता? नख घातलं आणि ओढली. तिचे तीन तुकडे झाले, माझं बोट कापलं, आणि ताईने पलीकडून आईला पाहिलं तेव्हा फोनवर माझ्या रक्ताचा ठिपका होता. ताई मला काय काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. सगळं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बंद ठेवलं हे या वेळी कुणाला ऐकवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास तपासलं. दोन्ही डोळे ठणठणीत, दुसऱ्या डोळ्यालाही एवढ्यात काही करायला नको. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते बघून बाई म्हणाल्या की आता आलाच आहात तर तुम्हीही बसा. मी बसलो. त्यांनी जवळचा कागद वाचायला दिला आणि मला खालच्या चार ओळी वाचता आल्या नाहीत. चष्मा मलाच लागला. म्हणजे गेली काही वर्षं योगीराज काचा बसवत होते त्या अंदाजाने. हे ऐकून घड्याळवाला इतका हसला की त्याच्या डोळ्यावरच्या भिंगावर वाफ धरली.

ती काच मी अजून विकतो. पण आता विकायच्या आधी विचारतो की फोन बघताना तुमच्या शेजारी कोण बसतं? बरेच जण चिडतात. एक बाई म्हणाल्या, तुम्हाला काय करायचंय? खप निम्म्यावर आलाय. बाबांच्या फोनवर आता कुठलीच काच नाही, तो स्टँड आणि ते भिंग माळ्यावर आहेत, आणि फोनला दोन ओरखडे पडलेत. ताई बारीक झाली आहे आणि तिने खिडकीचा पडदा पुन्हा बदललाय, हे आम्हाला रोज कळतं.

एवढं सगळं झाल्यावर परवा सकाळी मी लवकर उठलो. बघतो तर आई मोरीकडून ओट्याकडे निघालेली, डोळे मिटलेले, हात किंचित पुढे, ओठांतल्या ओठांत मोजणं चाललेलं. बारा, तेरा, चौदा. ओट्याशी थांबली, बोटांनी डब्याचं रबर चाचपलं, एकच आहे याची खात्री केली आणि चिमूटभर मीठ काढलं. बरोबर काढलं.

मी म्हटलं, "आई, अगं आता कशाला? डोळे चांगले आहेत म्हणाल्या ना डॉक्टर?"

तिने डोळे उघडले नाहीत. झाकण लावलं, डबा जागेवर सरकवला आणि म्हणाली, "असू दे. तुझं दुकान चालू आहे ना अजून?"